हातानं सागवानी बाक: लाकूड, सांधे, पॉलिश (नाशिक)

गोदाकाठ
बाल्कनीत ठेवायला बसायचा बाक करायचा आहे. लांबी ११०० मिमी, रुंदी ३४०, उंची ४३०. प्लाय नको, भरीव लाकूडच. मशीन म्हणाल तर फक्त ड्रिल, बाकी सगळं हातानं. फ्लॅट गंगापूर रोडला, बाल्कनी ६ बाय १० फूट, पश्चिमेची. जुलैत पावसाचा झोत सरळ आत येतो. लाकूड किती मागायचं, कुठलं घ्यायचं, सांधे कोणते, आणि पावसात टिकेल असं वरून काय लावायचं? फळ्या चिकटवून एकसंध बैठक करावी असा विचार आहे.

रंधेकर
आधी एक बदल. झोत येतो म्हणताय तर एकसंध बैठक करूच नका. ११० मिमीच्या तीन फळ्या, मध्ये ५-५ मिमी फट. तीन गुणिले ११० अधिक १०, म्हणजे तुमचे ३४० झाले. पाणी निथळतं, फळी फुगायला जागा राहते आणि लांब क्लॅम्पचा खर्चही वाचतो.

तयार मापं अशी:
पाय ४: ४५×४५×४०५
लांब पट्ट्या २: ७०×२२×९५०
आखूड पट्ट्या ३: ७०×२२×२७० (दोन टोकांना, एक मधला आडवा आधार)
बैठकीच्या फळ्या ३: ११०×२५×११००

पट्ट्यांच्या लांबीत दोन्ही टोकांची कुसवं (पायाच्या खोबणीत बसणारी, बारीक केलेली टोकं) धरली आहेत. सांगाडा ९८० बाय ३०० होतो. बैठक लांबीत दोन्हीकडे ६० मिमी बाहेर राहते, रुंदीत २०-२०.

वखारीत हिशोब घनफुटात. फुटातली लांबी गुणिले इंचातली रुंदी गुणिले इंचातली जाडी, भागिले १४४. रंधा मारायला जागा ठेवून पाय २×२ इंच, दीड फूट, चार नग: ०.१७. लांब पट्ट्या ३×१, सव्वातीन फूट, दोन: ०.१४. आखूड ३×१, एक फूट, तीन: ०.०६. फळ्या साडेचार बाय सव्वा इंच, पावणेचार फूट, तीन: ०.४४. बेरीज साधारण ०.८. गाठी, चिरा, पांढरा भाग यात तीसेक टक्के जातातच, तेव्हा एक घनफुटाच्या खाली मागू नका. सव्वा घेतलंत तर निवडायला वाव राहतो.

वखारवाला ‘एक इंच’ म्हणून देतो ती फळी करवतीखालून निघाल्यावर इंचाला कमी भरते. टेप लावूनच घ्या. २२ मिमीची पट्टी काढायला हातात निदान २५ मिमी हवी, आणि तीही सरळ असेल तर. फळी पिळलेली असेल तर ती चारी कोपऱ्यांत सपाट होईपर्यंत १८ वर येते.

सातपूरकर
लाकडाबद्दल. नवं सागवान घ्यायचं तर मधलं गडद लाकूड किती आणि कडेचं पांढरं किती ते पाहा. लागवडीच्या कमी घेराच्या सागात पांढरा भाग बराच असतो आणि भुंग्याची कीड नेमकी त्यालाच लागते. साग म्हणून घेतलेलं फर्निचर दोन वर्षांत भुसा गाळायला लागलं की बहुतेक वेळा कारण हेच. डांग, सुरगाण्याकडचा जुना माल मिळाला तर उत्तम, पण ‘डांगी’ हा शब्द प्रत्येक वखारीत ऐकू येतो, म्हणून नावापेक्षा टोकाकडे बघा. टोक रंध्यानं किंवा पटाशीनं थोडं साफ करून घेतलं की वर्षाच्या कड्या दिसतात. कड्या दाट, रंग एकसारखा, तेलकट वास असेल तर घ्या.

तुमच्या कामाला खरं तर जुनं लाकूड जास्त बरं. जुन्या नाशकात, पंचवटीत वाडे उतरवतात तेव्हा कडीपाटाच्या कड्या आणि फळ्या विकायला येतात. अनेक दशकं वाळलेलं लाकूड, त्यामुळे हालचाल कमी. अडचण खिळ्यांची. चुंबक फिरवा, पण रंगाखाली डोकं मोडलेला खिळा चुंबकालाही कधीकधी सापडत नाही, म्हणून आधी जुन्या पटाशीनं वरचा रंग, चुना, माती खरवडून काढा. खिळ्याभोवतीचं लाकूड काळं पडलेलं असतं. काळा ठिपका दिसला की थांबा. चुना आणि वाळू रंध्याच्या पात्याची धार पाच मिनिटांत घालवतात. खरवडल्याशिवाय चांगला रंधा लावायचाच नाही.

नवशिका
अंबडच्या कंपन्यांतून पॅलेट स्वस्तात मिळतात, पाईनचे. ते चालतील का?

सातपूरकर
आतल्या खोलीत चालतील, पावसाच्या झोतात नाही. पाईन ओलं-कोरडं सोसत नाही. घेताना शिक्का बघा. निर्यातीच्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह आणि एक कोड असतो. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेनं प्रक्रिया केलेलं, लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस ३० मिनिटं. ‘एमबी’ असेल तर मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, ते घरात आणू नका. शिक्का नसलेलं आणि तेलाचे डाग असलेलं तर नकोच, त्यावर काय सांडलं होतं कोण सांगणार. आणि पॅलेटचे खिळे पिळाचे असतात, कटावणीनं उपटायला गेलात तर फळी फाटते. दोन फळ्यांच्या फटीत हॅकसॉचं पातं घालून खिळा कापा.

दिंडोरीवाला
शेतात आंब्याचं जुनं झाड आहे, काढायचंच आहे. त्याच्या फळ्या बाकाला?

सातपूरकर
तोडण्याआधी परवानगी. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग आहे तसा आंबाही आहे, जांभूळ, फणसही. स्वतःच्या शेतातलं असलं तरी. लाकूड घरातल्या टीपॉयला छान, बाहेर ठेवायला नाही, कीड आणि बुरशी दोन्ही लगेच लागतात. चिरून आणल्यावर त्याच आठवड्यात बोरॅक्स ३ भाग, बोरिक आम्ल २ भाग, असं दोन्ही मिळून ५० ग्रॅम एक लिटर कोमट पाण्यात विरघळवून चारी बाजूंनी दोनदा लावा. मग सावलीत थप्पी, दर दोन फुटांवर एकाच जाडीच्या चिपा, वरच्या चिपा खालच्यांच्या बरोबर डोक्यावर. टोकांना ऑइलपेंट, नाहीतर टोकं आधी वाळून फाटतात. एक इंची फळीला साधारण वर्ष धरा.

अवजारवाली
हत्यारांचा प्रश्न कुणी विचारला नाही, पण पैसे तिथेच वाया जातात म्हणून लिहिते. या बाकाला इतकंच लागतं: लोखंडी रंधा नंबर ५, पटाशा तीन (पाव, तीन अष्टमांश आणि एक इंच), उभं चिरायला एक मोठी करवत, कुसवांसाठी पाठीला पट्टी असलेली, इंचाला १२-१४ दातांची टेनन सॉ, गुण्या, दोन टोकांचं मार्किंग गेज (कडेला समांतर रेघा मारायचं), लाकडी मोगरी, सहा इंची जी-क्लॅम्प चार. गुण्या दुकानातच तपासा. फळीच्या सरळ कडेला लावून रेघ मारा, उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा रेघ. दोन रेघा जुळल्या नाहीत तर दुसरा मागा.

नव्या पटाशीला धार नसते, फक्त आकार असतो. १० मिमी जाड काचेवर वॉटरपेपर पाण्यानं चिकटवा. आधी पाठ: धारेजवळचा २०-२५ मिमी भाग ४००, ८००, १५०० नंबरवर आरशासारखा होईपर्यंत. सगळी पाठ घासत बसू नका. मग उतार. मुख्य उतार २५ अंश, टोकाला ३०. बाजूनं पकडणारी साधी होनिंग गाईड (धार लावताना पातं एकाच कोनात धरणारी) घेतली तर पटाशी ३० मिमी आणि रंध्याचं पातं ३८ मिमी पुढे काढा, दोन्हींना ३० अंश मिळतो. ही मापं एका ठोकळ्यावर खाच करून कायमची पक्की करा. पाठीवर नखाला अडकणारी बारीक किनार सगळ्या रुंदीत जाणवली की मगच पुढचा कागद. शेवटी चामड्यावर हिरवं पॉलिश कंपाउंड, दहा-बारा ओढी, उलट दिशेनं. तपासायला सागाच्या फळीचं टोक आडवं सोला. टोक चकचकीत निघालं तर धार आहे, पांढुरकं भुरभुरीत निघालं तर नाही.

सागात वाळूसारखी सिलिका असते. धार नेहमीपेक्षा लवकर जाते, दर अर्ध्या तासानं चामडं ओढा. जोर लावावा लागतोय असं वाटलं की तो जोर हाताचा नाही, धारेचा प्रश्न आहे.

झटपट
एवढा सोस कशाला? पॉकेट होलची जिग घ्या, तिरके स्क्रू मारा, एका रविवारी बाक तयार.

रंधेकर
कपाटाच्या चौकटीला तिरके स्क्रू चालतात. बाकाला प्रत्येक वेळी कुणी बसलं, मागे रेललं की पाय आणि पट्टीचा सांधा तरफेसारखा उघडायचा प्रयत्न करतो. ७० मिमीच्या पट्टीत दोन स्क्रू, तेही पट्टीच्या टोकातून येणारे, पकड फक्त पायाच्या बाजूला. शिवाय बाल्कनीत लाकूड फुगतं-आकसतं, लोखंड नाही, म्हणून भोक हळूहळू सैल होतं. वर्ष-दीड वर्षानं आवळावं लागेल, मग आवळूनही धरणार नाही.

आता कुसवाचा सांधा, याच मापांत.

पाय ४५ चा आहे. पट्टी पायाच्या बाहेरच्या तोंडापासून ३ मिमी आत बसवा. अगदी समतल ठेवायला गेलात तर अर्ध्या मिलिमीटरची चूकसुद्धा दिसते, ३ मिमीच्या पायरीत दिसत नाही. कुसवाची जाडी १० धरली, पण खरी जाडी तुमची तीन अष्टमांश पटाशी ठरवते: गेजच्या दोन टोकांत पटाशीचं पातं बसवा आणि तीच मांडणी खोबणीला आणि कुसवाला वापरा. मधे गेज हलवू नका. म्हणजे खोबण बाहेरच्या तोंडापासून ९ ते १९ मिमीच्या पट्ट्यात येते.

कुसू ३० लांब, ५० रुंद. वरून १५ सोडले, खालून ५. वरचे १५ सोडले नाहीत तर खोबण पायाच्या टोकाला उघडी पडते आणि पाय फाटतो. याच कारणासाठी पाय २० मिमी जास्त लांब ठेवा, खोबणी पाडून झाल्यावर कापा.

एका पायात दोन खोबणी काटकोनात येतात आणि २६ मिमी खोलीवर एकमेकींना भिडतात. त्यामुळे ३० मिमीच्या कुसवाच्या टोकाला, आतल्या कडेनं ४ मिमीचा ४५ अंशांत तिरका काप द्या. न दिल्यास दुसरी पट्टी शेवटचे ४ मिमी आत जात नाही आणि माणूस मोगरीनं ठोकत बसतो, तिथेच पाय उलतो. खोबण ३१-३२ खोल, म्हणजे फेव्हिकॉलला जागा.

पाडायची रीत: पाय आडवा, टेबलाच्या पायाच्या बरोबर डोक्यावर क्लॅम्प करून. ९ मिमी ड्रिलनं ओळीत भोकं पाडलीत तर निम्मं काम होतं, फक्त ड्रिल उभं आहे की नाही ते बाजूला गुण्या ठेवून बघा. बिटला ३२ वर टेप गुंडाळा. मग भिंती एक इंची पटाशीनं वरून सरळ खाली, टोकं तीन अष्टमांशनं. शेवटची २ मिमी टोकं अगदी शेवटी, कारण पटाशी तरफेसारखी वापरताना टोकाची कड दबते.

कुसवाला खांद्याची (जिथे पट्टी पायाला टेकते तिथली) रेघ पेन्सिलीनं नको, सुरीनं. चारी बाजूंनी एकाच कोपऱ्यापासून गुण्या फिरवा. रेघेच्या टाकाऊ बाजूला पटाशीनं बारीक उतरती खाच काढा, करवत त्यात आपोआप बसते. खांद्यात फट राहते त्याची कारणं दोनच असतात: रेघ फिरून जुळली नाही, किंवा खांद्याचा आतला भाग उंच राहिला. दुसरं असेल तर खांदा आतून केसभर खोल करा. कुसू हाताच्या दाबानं अर्धं जावं आणि मोगरीच्या हलक्या टोल्यांनी उरलेलं. सरसर गेलं तर सैल आहे, कुसवाच्या गालाला, म्हणजे सपाट बाजूला, सागाचाच पातळ छिलका चिकटवून पुन्हा तासा.

मधला आडवा आधार लांब पट्ट्यांत फक्त १० मिमी खोल बसतो, पट्टी २२ चीच आहे.

गोदाकाठ
हे प्रिंट काढून भिंतीला लावतो. दोन शंका. साग तेलकट, फेव्हिकॉल धरेल का? आणि क्लॅम्प एवढे लांब नाहीत.

रंधेकर
दोन्हींवर उपाय खुंटीचा. पायात, आतल्या तोंडापासून १२ मिमीवर ६ मिमीचं भोक, बाहेरच्या तोंडातून, २८ पेक्षा खोल नको, नाहीतर एकाच पायातल्या दोन खुंट्या आत भेटतात. कुसू घालून ड्रिलच्या टोकानं खूण करा, कुसू काढा, खूण १ मिमी खांद्याकडे सरकवून भोक पाडा. खुंटी ठोकली की ती कुसू ओढून खांदा पायाला घट्ट बसवते. क्लॅम्प नाही लागत. दीड मिमी सरकवलंत तर सागात कुसवाचा कोपरा तुटायची शक्यता, बाभळीची खुंटी असेल तर आणखीच. खुंटी सरळ तंतूची, फाडून काढलेली, टोकाला निमुळती. गोल डोव्हेल काठी कापून घेऊ नका, तिचे तंतू बरेचदा तिरके असतात.

फेव्हिकॉल: बाहेरचं काम, मरीन (पाणी सोसणारा) घ्या. चिकटवण्याआधी काही मिनिटं कुसू आणि खोबण थिनरच्या फडक्यानं पुसा, थिनर उडाला की लगेच लावा. ताजा तासलेला पृष्ठभाग धरतो, आठवडाभर पडून राहिलेला नाही. बाहेर आलेला फेव्हिकॉल ओल्या फडक्यानं पसरवू नका, रबरासारखा झाला की पटाशीनं उचला. पसरवलेला तेलाखाली पांढरा डाग म्हणून उठतो.

जोडणीचा क्रम: आधी दोन्ही आखूड टोकं, पाय-पट्टी-पाय. वाळू द्या. मग लांब पट्ट्या, मधला आधार सोबतच, नंतर तो आत जाणार नाही. कर्ण मोजा, दोन्ही सारखे.

लाखबंद
फटीचा हिशोब कुणी केला नाही, तो घ्या. हवेतली आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडातलं पाणी ६ टक्क्यांवर येऊन थांबतं, ८० असेल तर १६ च्या आसपास. नाशकात एप्रिल आणि ऑगस्ट यांत जवळपास एवढं अंतर असतं. पॉलिशमुळे लाकूड पूर्ण टोकांना जात नाही, ८ टक्क्यांचा फरक धरू. सागाचं ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत आकसणं आडव्या चिरलेल्या फळीच्या रुंदीत ५.८ टक्के, त्रिज्येनं चिरलेलीत २.५. हे सगळं ३० टक्के ओलीच्या खाली घडतं, म्हणजे एक टक्का ओलीला अनुक्रमे ०.१९ आणि ०.०८. तुमची ११० ची फळी आडवी चिरलेली असली तर १.७ मिमी हलेल. उन्हाळ्यात ठेवलेली ५ ची फट पावसाळ्यात सव्वातीन. ठीक आहे. तीच बैठक एकसंध ३४० ची असती आणि दोन्ही कडांना पक्की आवळली असती तर पाच मिमीला जागा नाही, मग फळी तरी फाटते किंवा पट्टीचा सांधा तरी उघडतो.

म्हणून बैठक वरून खिळे मारून बसवायची नाही. आखूड पट्ट्यांच्या आणि मधल्या आधाराच्या आतल्या अंगाला २०×२० ची पट्टी स्क्रूनं लावा, तिच्यातून खालून वर स्क्रू. प्रत्येक फळीला एका आधारावर दोन: एक गोल भोक, दुसरं रुंदीच्या दिशेनं ८-१० मिमी लांबट. स्टेनलेसचे ३५ मिमी. आधी पायलट भोक पाडा, सागात न पाडता स्क्रू पिळलात तर डोकं तुटतं. आणि २० अधिक २५ म्हणजे ४५, स्क्रू वर येणार नाही याची खात्री करूनच लांबी निवडा.

ओल मोजायला मीटर नसेल तर फळीच्या टोकापासून फूटभर आतला एक तुकडा कापा, ग्रॅमच्या काट्यावर वजन. ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत. ४६ चा ४० झाला तर ६ भागिले ४०, म्हणजे १५ टक्के. १२ च्या वर असेल तर फळ्या चिपा घालून घरात ठेवा, घाई नको. टोकाचाच तुकडा घेतलात तर आकडा खोटा कोरडा येईल.

नवशिका
चपडा लाखेचं पॉलिश चालेल का? घरात आहे.

लाखबंद
बाल्कनीत नाही. पाण्यानं आणि गरम कपानं पांढरे डाग पडतात. पावसाळ्यात लावतानाच ढगाळतं, कारण स्पिरिट उडताना लाकूड थंड होतं आणि हवेतली ओल पापुद्र्यात अडकते. आतल्या वस्तूंना लावायचं तर एक लिटर स्पिरिटला १२५ ग्रॅम, दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत. घरात पडलेली लाख जुनी असेल तर आधी काचेवर थेंब टाकून बघा, दुसऱ्या दिवशी चिकट राहिला तर फेकून द्या.

या बाकाला दोन रस्ते. बाहेरच्या कामाचं पीयू (पॉलियुरेथेन): दिसायला प्लास्टिकी, पण पाणी अडवतं. जिथे सोललं तिथे मात्र सगळं घासून पुन्हा करावं लागतं. दुसरा, डबल बॉइल्ड जवसाचं तेल. पहिल्या हाताला टर्पेंटाइन निम्मं मिसळा, वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसा, अगदी सगळं. दोन दिवस थांबा. असे तीन हात. न पुसता ठेवलेलं तेल गोंदासारखं चिकट राहतं आणि पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी येते. दरवर्षी मेअखेरीस एक हात. मी तेल घेईन, कारण दुरुस्ती फडक्यानं होते. पायांच्या खालच्या टोकांना मात्र काहीही केलंत तरी पातळ इपॉक्सीचे दोन हात द्या. पाणी तिथूनच वर चढतं.

तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, गोळा केलेलं फडकं आपोआप पेटतं. दोरीवर एकेक पसरून कडक वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. बंद फ्लॅटमध्ये हे विसरायचं नाही.

अवजारवाली
पॉलिशपेपर १२०, १८०, बस. रंधा नीट चालला असेल तर १८० चाच एक हात. फार गुळगुळीत घासलेल्या सागात तेल नीट मुरत नाही. सागाच्या भुश्यानं बऱ्याच जणांना त्वचेला खाज येते, एन ९५ मास्क आणि पूर्ण बाह्या.

आवाजाचं: खोबणी दुपारी चारनंतर पाडा, खाली रबराची मॅट. किंवा सुतार करतात तसं जमिनीवर बसून, बाकाचा पाय मांडीखाली दाबून. स्लॅबला टेबलाचे चार पाय ठोकतात त्यापेक्षा कमी घुमतं.

गोदाकाठ
शेवटचं. जोडून झाल्यावर डुगडुगला तर?

रंधेकर
आधी फरशी तपासा, बाल्कनीला उतार असतोच. ओट्याच्या ग्रॅनाइटवर किंवा जाड काचेवर ठेवा. डुगडुगणाऱ्या पायाखाली पत्ते सरकवत बाक स्थिर करा. मग पेन्सिल एका १० मिमीच्या चिपेवर आडवी ठेवून चारही पायांभोवती रेघ फिरवा. चारही पाय त्या रेघेवर कापा, टेनन सॉनं, सगळ्या बाजूंनी थोडं थोडं. फक्त लांब वाटणारा पाय कापू नका, त्यानं दुसरा कोपरा उचलतो. हे १० मिमी जातील म्हणून पाय आधीच ४१५ ठेवा. खालची कड १ मिमी तिरकी मारा, ओढताना तंतू उलत नाहीत. इपॉक्सी त्यानंतर.